दोनाचे चार पोल

जानी बारक्या मुकणे हिचे वजन एकोणचाळीस किलो होते आणि यंत्राचे बावन्न. ही दोन्ही वजने एकाच दिवशी, आरोग्य शिबिराच्या एकाच काट्यावर झालेली असल्यामुळे त्यांविषयी शंका घेण्याचे कारण नाही. जानीला काट्यावर परिचारिकेने उभे केले होते. यंत्र मात्र स्वतः चढले. जानी दांडा धरून त्याच्या मागे ओढली जात होती आणि थांबण्याविषयी त्याला विनवत होती. ते सभागृहाच्या कोपऱ्यातून निघाले, रांगेतल्या दोन बायकांना वळसा घालून काट्यावर चढले, आणि तारेचा प्लग भिंतीतून निसटल्यामुळे तेथेच थांबले. परिचारिका शिस्तीची होती. तिने आकडा वाचला आणि वहीत लिहिला. नावाच्या रकान्यात काय लिहायचे, एवढेच तिने विचारले.

हे घडले सागवेळे गावात. सागवेळे मुरबाड तालुक्यात, धसईच्या बाजारापासून एस.टी.ने अर्ध्या तासावर येते. गावात भातशेती करणारी घरे आहेत. ओढा ओलांडला की एकोणीस घरांची वाडी आहे. तिला जमीन नाही. जानी त्या वाडीची. लग्न झाल्यापासून सत्तावीस वर्षे ती दर दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर ट्रकमध्ये बसून वीटभट्टीवर गेली आणि पावसाच्या तोंडावर परत आली. तिची मुलगी संगीता भट्टीवर जन्मली आणि मुलगा संजू भट्टीच्या वाटेवर, ट्रकमध्ये. त्यामुळे संजूचे जन्मगाव कोणते, हा प्रश्न शाळेत शेवटपर्यंत सुटला नाही. पुढे गावात ग्रामपंचायतीचे बहुउद्देशीय सभागृह बांधले गेले आणि त्याच्या सफाईचे काम जानीला मिळाले. त्यास आता अकरा वर्षे झाली. भट्टीचा ट्रक अजूनही सभागृहासमोरच उभा राहतो आणि भोंगा वाजवतो. त्या वेळी जानी आत लादी पुसत असते. भोंगा थांबेपर्यंत ती एकच लादी पुसते.

यंत्र दिवाळीनंतर आले. एका कारखान्याने आपल्या कचेरीसाठी नवे घेतले आणि जुने सागवेळ्याला दान दिले. लादी घासून चकचकीत करण्याचे, ज्यास शहरात बफिंग मशीन म्हणतात, असे ते यंत्र होते. खाली परातीएवढी गोल चकती, तिच्यावर मोटर, आणि मागे माणसाच्या छातीपर्यंत येणारा दांडा. वाडीने त्याचे नाव भिंगरी ठेवले. ते पोचवण्यास आलेला कारखान्याचा माणूस अंगाने भरभक्कम होता. त्याने चार मिनिटे यंत्र चालवून दाखवले आणि सांगितले, "दांडा उचलला की उजवीकडे जातं, दाबला की डावीकडे. बाकी यात काही नाही." मग तो चहा घेऊन निघून गेला.

जानी डावरी आहे. हे येथे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सर्व त्यावर अवलंबून आहे. घर शेणाने सारवताना उजव्या हाताची बाई हात डावीकडे आणताना दाबते आणि उजवीकडे नेताना उचलते. जानीचे उलट आहे. ती उजवीकडे जाताना दाबते आणि डावीकडे जाताना उचलते. तिच्या सारवणाच्या चंद्रकोरी म्हणूनच उलट्या तोंडाच्या उमटतात. तिची सासू हयात असेपर्यंत म्हणत असे, "हिनं सारवलेल्या घरात लक्ष्मी आली तर उंबऱ्यातूनच मागं फिरंल. तिला वाटंल, पावलं बाहेर चाललीत."

कारखान्याच्या माणसाने शिकवलेला नियम उजव्या हाताच्या बाईचा होता. जानीने तो पाठ केला. परंतु हाताला पाठांतर नसते. उजवीकडे जायचे म्हणून तिने दाबले की यंत्र डावीकडे जाई. ते सावकाश जाते तर चूक सुधारण्यास सवड मिळाली असती. ते सवड देत नव्हते. पहिल्या आठवड्यात त्याने व्यासपीठावरची समई पाडली, खुर्च्यांची चळत पाडली, आणि भिंतीवरच्या स्वच्छतेच्या फलकातील 'स्व' पुसून टाकला.

ग्रामसेवक संदेश हा मनाने चांगला मनुष्य होता. ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणण्याची रीत असल्यामुळे त्याच्या दुप्पट वयाची माणसेही त्याला भाऊसाहेब म्हणत. त्याने जानीला बोलावले.

"जानीबाई, पंचवीस जानेवारीला तालुक्याची तपासणी समिती येणार. लादीत समितीचं तोंड दिसलं पाहिजे."

"कुनाकुनाचं, भाऊसाहेब?"

"सगळ्यांचं. पाच जण आहेत."

"फडक्यानं पुसते की. फडक्यानं बी दिसतंय."

"मशीन दान आलंय. समिती विचारणार, वापरता का? तुमच्यानं नाही झालं, तर शहापूरच्या ठेकेदाराचा माणूस बोलवावा लागेल." भाऊसाहेबाने खिडकीबाहेर पाहिले. "आणि एकदा ठेकेदार आला की तो कायमचाच येतो. हे मी तुम्हाला धमकी म्हणून सांगत नाही."

"मंग कसं म्हनून सांगता?"

भाऊसाहेबाने खिडकी लावून घेतली.

जानीने घरी येऊन मोजले. भट्टीचा पहिला ट्रक गेला होता. दुसरा जानेवारीच्या सत्तावीस तारखेला जाणार होता, म्हणजे तपासणीनंतर दोन दिवसांनी. तिचे वय अठ्ठावन्न होते आणि डावा गुडघा पायरीवर कुरकुरत असे. काम गेले तर त्या ट्रकच्या फळीवर तो गुडघा टेकून चढावे लागेल, हे तिने नवऱ्याला सांगितले नाही. त्याला ते ठाऊकच होते.

बारक्या हा विचारी मनुष्य होता. पळणाऱ्या गुराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका बांधतात, त्यास लोढणे म्हणतात. बारक्याने आंब्याचे एक लोढणे तासून यंत्राच्या दांड्याला बांधले. यंत्र लोढण्यासह पळाले. मग त्याने तांदळाचे पोते मोटरवर आडवे घातले. यंत्र पोत्यासह पळाले. तेव्हा बारक्या पोते उतरवून स्वतः मोटरवर बसला, दोन्ही पाय वर घेतले आणि म्हणाला, "सोड."

सभागृहात त्या वेळी महिला बचत गटाची सभा चालू होती. बारक्या सभागृहाला अडीच फेऱ्या घालून आला. त्यांपैकी एक फेरी सभेच्या मधून गेली, आणि वयाने वडील असलेल्या बायकांना त्याने जाता जाता रामराम केला. त्याची वरात कुठवर गेली होती, असे वाडीत आजही विचारतात. खाली उतरल्यावर त्याने थोडा वेळ भिंतीला धरून विचार केला.

"वजनानं नाय व्हायचं गो," तो म्हणाला. "ह्याच्या अंगातलं वारंच कमी केलं पायजे. धसईला अनंताकडं जा."

धसईच्या बाजारात अनंताचे वाइंडिंगचे दुकान आहे. शेतावरच्या पंपांच्या जळालेल्या मोटरी तो उघडतो आणि त्यांत तांब्याची नवी तार भरतो. त्याच्या हाताखालून गेला नाही, असा एकही पंप पंचक्रोशीत नाही. जानी जाताना पाटी घेऊन गेली. मोटरवरच्या पत्र्याच्या पट्टीवर जे काही होते ते तिने पाटीवर जसेच्या तसे काढले होते.

"मावशे, ही काय माशी काढलीस?" अनंताने विचारले.

"पट्टीवर हाये. मेलेली हाये."

"आणि हे गोल?"

"ते स्क्रू."

अनंताने माशी आणि स्क्रू सोडून उरलेले वाचले. "अठ्ठावीसशे ऐंशी. मिनिटाला एवढे फेरे मारतेय तुझी भिंगरी. तुला ओढून नेईल नाय तर काय. दोन पोलची मोटर हाये. चार पोलची केली की फेरे निम्मे."

"पोल मी नाय बघितला रे. खालून-वरून पुसलंय मी ते."

"पोल आत असतो. तारेच्या गुंडाळ्यांचा. तू खांबखांबोळी खेळलीस ना ल्हानपनी? अंगनात दोनच खांब असले, नि दोन्हींना शिवून फेरा घालायचा, तर किती बिगी व्हतो. आता चार खांब, नि चारींना शिवायचं. टाइम लागनार. मोटर तशीच. पोल वाढवले की ती दमानं फिरते."

जानीला हे तत्काळ समजले. सागवेळ्याच्या शाळेत चुंबकाचा धडा इतका चांगला कोणी समजावून दिला असेल, असे वाटत नाही.

"मंग कर चार."

"असं कसं करू? पंचायतीची वस्तू. मागं एका पंचायतीचा पंप मी तोंडी सांगन्यावर उघडला. साक्षी देऊन देऊन चपला झिजल्या. मंजुरीचा कागद आन. त्याच्यावर 'चार पोल' असं साफ लिवलेलं पायजे. मंग पाच दिवसात देतो."

परतीच्या एस.टी.त जानी विसरू नये म्हणून सारखे पुटपुटत होती, "दोनाचे चार करायचे, दोनाचे चार करायचे." शेजारच्या बाईने कौतुकाने विचारले, "कुनाचं लगीन हाये गो?"

"भिंगरीचं," जानी म्हणाली.

"मुलगा काय करतो?"

"धसईला तार भरतो."

"चांगलं हाये," ती बाई म्हणाली.

आता अर्जाविषयी. सभागृहात मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी प्रौढांचा वर्ग भरतो. गावातली अक्षदा नावाची मुलगी तो घेते. जानी त्या वर्गात दोन वर्षे बसत होती. दोन शब्दांमध्ये एक बोट अंतर ठेवावे, असा अक्षदाचा नियम होता, आणि जानी प्रत्येक शब्दानंतर कागदावर खरोखर बोट ठेवून पुढचा शब्द लिहीत असे. ऊकार मात्र तिच्याकडून राहून जाई. तेव्हा अक्षदाने सांगितले होते, "मावशी, ऊकार म्हणजे अक्षराच्या पायातलं जोडवं. बाई बिनजोडव्याची चालेल का?" त्यानंतर ऊकार राहत नसे.

अर्ज जानीने यापूर्वी कधी लिहिला नव्हता. इतरांनी लिहिलेल्या अर्जांवर तिने अंगठे उमटवले होते आणि पुढे सह्या केल्या होत्या. हा पहिला, म्हणून त्यात एकही चूक असू नये, असे तिने ठरवले. परंतु त्या आठवड्यात अक्षदा परीक्षेसाठी मुरबाडला गेली होती, आणि पहिलीच अडचण अशी आली की, 'मोटर' लिहावे की 'मोटार'?

"मोटार म्हंजे एष्टी," बारक्या म्हणाला. "मोटर म्हंजे पंप." थोड्या वेळाने तो म्हणाला, "नाय तर उलटं."

जानीने तो शब्द गाळला. 'यंत्र' या शब्दात एक अनुस्वार आणि एक जोडाक्षर होते, आणि त्यांपैकी आधी कोणते, याची तिला खात्री नव्हती, म्हणून तोही गाळला. 'भिंगरी' शब्द येत होता, पण सरकारला भिंगरी कसे म्हणावे? ज्या ज्या शब्दात चूक होण्याचा संभव होता, तो प्रत्येक शब्द तिने सोडून दिला. अशा रीतीने अर्ज संपूर्ण निर्दोष झाला. तो असा होता:

"विषय: पोल वाढवून मिळणेबाबत. महोदय, मी जानी बारक्या मुकणे. मी साफसफाई करते. सध्या दोन पोल आहेत. ते फार जोरात आहेत. तरी सभागृहात दोन पोल वाढवून एकूण चार पोल करावेत. म्हणजे मला काम करता येईल. आपली, जानी."

भाऊसाहेबाने अर्ज दोनदा वाचला. "जानीबाई, एकही चूक नाही हो."

"कुनाला इचारलं नाय. माझं मीच लिवलंय."

भाऊसाहेबाला इतके भरून आले की, अर्जाचा अर्थ विचारण्याचे त्याच्या मनात आले नाही. त्याने शिक्का मारला, 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' असे लिहिले, आणि 'पोल' हा शब्द पाहून अर्ज वीज कचेरीकडे पाठवला.

वाडीकडे जाणाऱ्या ओढ्याच्या वाटेवर खांब मिळावेत, असे अर्ज गावाने सात वर्षांत पाच वेळा केले होते. ते टाइप केलेले होते. त्यांचे पुढे काय झाले, कोणासही ठाऊक नाही. हा अर्ज पेनने, एक एक बोट अंतर सोडून लिहिलेला होता. कोणी तो वाचला असावा. शिवाय, कचेरीच्या आवारात दोनच पोल उरले होते आणि दोनच कोणी मागत नसल्यामुळे ते पडून होते. एकोणिसाव्या दिवशी त्याच अर्जावर तांबडा शिक्का आणि सही होऊन आली: "मागणीप्रमाणे चार पोल मंजूर. दोन अस्तित्वात, दोन नवीन." अर्जाबरोबर ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत सिमेंटचे दोन पोल होते.

लडकू मुकादम चार गड्यांसह सभागृहात शिरला. त्याच्या हातात अर्ज होता आणि गड्यांच्या हातात पहारी. तो मधोमध चालत गेला, खाली बसला, आणि कोटा दगडाच्या लादीवर त्याने खडूने दोन गोल काढले.

"दादा, चपला," जानी म्हणाली.

लडकूने चपला काढून बाहेर ठेवल्या आणि पुन्हा येऊन बसला. "हितं एक, नि हितं एक. बाजूला व्हा मावशी, लादी उडंल."

"काय करताव?"

"खड्डे."

"कशाला?"

"पोल उभे करायला. अर्जात काय लिवलंय? 'सभागृहात दोन पोल वाढवून.' सभागृह हेच ना?"

"हेच. पर वर छप्पर हाये."

"छप्पराचं आमच्याकडं नाय," लडकू समजुतीने म्हणाला. "आमी खालचं बघतो." मग त्याने कागदात पाहिले. "हे आधीचे दोन पोल कुठंयत?"

"ते आत हायेत. दिसत नाय."

"बरं," लडकू म्हणाला. सरकारी कामात न दिसणाऱ्या वस्तू त्याने पुष्कळ पाहिल्या होत्या.

तपासणीला तेव्हा सोळा दिवस उरले होते. ज्या लादीत समितीची पाच तोंडे दिसायची होती, तिच्यात दोन खड्डे पडणार होते. जानी एका खडूच्या गोलात जाऊन उभी राहिली. गडी थांबले. मग त्यांनी दुसऱ्या गोलाकडे पाहिले, तेव्हा बारक्या, जो दारात होता, त्यात जाऊन उभा राहिला. तो अनुभवी असल्यामुळे त्याने पाय घट्ट रोवले.

भाऊसाहेब धावत आला. त्याने अर्ज तिसऱ्यांदा वाचला, या वेळी अर्थासह. "जानीबाई, पोल म्हणजे... मोटरच्या आतले?"

"मंग दुसरे कुठले? अनंतानं सांगितलं तसं लिवलं."

भाऊसाहेबाने कचेरीत फोन लावला. साहेब प्रशिक्षणाला गेले होते. त्याने लडकूला सांगितले की चूक झाली आहे, पोल परत न्या.

"परत?" लडकू म्हणाला. "भाऊसाहेब, पोल न्यायचा फॉर्म हाये. परत आनायचा फॉर्म नाय. परत घेऊन गेलो तर मला इचारतील, हे कुठनं आनलेस."

"मग अर्जात दुरुस्ती करू. ते 'सभागृहात' खोडू."

"खाडाखोड नाय चालायची. खाली साहेबांची सही हाये. एक अक्षर खोडलं तर कागद बाद, आनि पोल माझ्या बोडक्यावर."

जानीने कागद मागून घेतला. तिने लिहिलेला आणि एवढा फिरून आलेला तो पहिलाच कागद होता. तिने त्या ओळीवर बोट ठेवले. 'सभागृहात' आणि 'दोन' यांच्यामध्ये तिचे बोट बरोबर मावले, कारण ते अंतर त्याच बोटाचे होते.

"दादा, खोडायचं नाय. पर घातलेलं चालंल का?"

"घातलेलं म्हंजे?"

"राहिलेलं घालते."

लडकूने विचार केला. घालण्याविरुद्ध त्याच्या ऐकण्यात काही आलेले नव्हते. जानीने भाऊसाहेबाचे पेन डाव्या हातात घेतले, 'त'च्या पायात जोडवे घातले, आणि बोटभर मोकळ्या जागेत 'न' लिहिला. नंतर कागद लडकूला दिला.

लडकू अक्षर अक्षर वाचत गेला. "सभागृहातून... दोन पोल वाढवून." तो थांबला. "म्हंजे हितनं निघायचं?"

"हां. हितनं निघायचं."

"कुठं जायाचं?"

"जिकडं वाट हाये आनि खांब नाय, तिकडं."

अशी सभागृहापासून निघणारी वाट एकच होती. लडकूने भाऊसाहेबाकडे पाहिले. भाऊसाहेब त्या वेळी भिंतीवरचा फलक वाचत होता, ज्यात 'स्व' नव्हता, आणि तो वाचण्यास त्याला बराच वेळ लागला. संध्याकाळपर्यंत एक पोल सभागृहाच्या अंगणात, पायऱ्यांशेजारच्या उताराच्या पायथ्याशी उभा राहिला आणि दुसरा ओढ्याच्या काठावर, वाडीच्या तोंडाशी. तारा नव्हत्या. अर्जात तारा मागितलेल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबाने यंत्र टेम्पोत घालून जानीबरोबर धसईला पाठवले. लडकूने काम झाल्यावर परत दिलेला कागद अनंताने पाहिला. 'चार पोल मंजूर.' शिक्का. सही. ग्रामपंचायतीची मंजुरी त्याने अनेक वेळा पाहिली होती, पण मोटरच्या वाइंडिंगला थेट वीज कचेरीने मान्यता दिल्याचे हे पहिलेच उदाहरण होते.

"मावशे, तुझी वळख वरपत्तुर हाये," तो म्हणाला, आणि त्याने वहीचे नवीन पान काढून गुंडाळ्यांचे गणित मांडले. पाच दिवसांचे पंधरा झाले, कारण त्याला हे काम मन लावून करायचे होते. त्याने जुनी तार काढली, चार पोलची नवी भरली, आणि सर्व जोडण्या हाताला सवय होती तशा केल्या. हाताला सवय पंपांची होती. पंप ज्या दिशेने फिरतो, त्याच दिशेने त्याने भिंगरी फिरवली. ती आधी उलट फिरत होती, हे त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि जानीच्या पाटीवर माशी होती, पण दिशेचा बाण नव्हता. फिरताना चकती सैल होते असे दिसल्यावर त्याने एक जादा बोल्ट ठोकून तीही अडचण दूर केली.

यंत्र पंचवीस तारखेच्या सकाळी परत आले. समिती अकराला यायची होती. भाऊसाहेबाने काळजीपोटी ठेकेदाराचा माणूसही बोलावून ठेवला होता. त्याचे नाव शेखर. तो शहापूरहून मोटरसायकलवर आला, आणि त्याच्या शर्टावर झाडूचे चित्र होते.

"मावशी, तुमी बाजूला उभ्या ऱ्हावा," तो आदराने म्हणाला. "कल्यानला मॉलमधी चार वर्षं हेच केलंय मी. डोळे मिटून चालवतो."

जानी भिंतीला टेकून उभी राहिली. समितीचे पाच जण दारात आले. शेखरने बटन दाबले आणि उजवीकडे जाण्यासाठी दांडा उचलला.

यंत्र डावीकडे निघाले. आता ते सावकाश झाले होते. म्हणून जे घडले ते सर्वांना नीट पाहता आले. डावीकडे जाते असे पाहून शेखरने दांडा आणखी उचलला. यंत्र आणखी डावीकडे गेले. मॉलमध्ये चार वर्षांत तो जे जे शिकला होता ते सर्व त्याने क्रमाने केले, आणि प्रत्येक गोष्टीने तो दाराच्या जवळ जात राहिला. समितीने त्याला वाट दिली. एका सदस्याने टोपी काढली. शेखर यंत्रासह पायऱ्यांशेजारच्या उतारावरून खाली गेला आणि अंगणातल्या नव्या पोलाला टेकला. तेथे तार संपली, प्लग निघाला, आणि यंत्र थांबले.

"मशीन फॉल्टी हाये," शेखर पोलाला म्हणाला.

बारक्याने आणि भाऊसाहेबाने यंत्र उचलून आत आणले. "जानीबाई," भाऊसाहेब हळूच म्हणाला, "फडकंच घेता का?"

जानीने दांडा धरला. 'उचलला की उजवीकडे, दाबला की डावीकडे' असे ती तोंडाने म्हणत होती. हाताने मात्र उजवीकडे जाण्यासाठी नेहमीप्रमाणे दाबले. यंत्र उजवीकडे गेले. तिने म्हणणे बंद केले. तिने उचलले, ते डावीकडे आले. ते आता ओढत नव्हते. हात जेथे जाईल तेथे ते येत होते, जसा शेणाचा गोळा हाताखाली येतो. ती मागे सरकत सरकत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेली, आणि लादीवर तिच्या चंद्रकोरी उमटत गेल्या, सर्व उलट्या तोंडाच्या, दारातून बाहेर चालल्यासारख्या. खडूचे दोन्ही गोल पुसले गेले.

समितीच्या अध्यक्षांनी वाकून लादीत पाहिले. मग बाकीच्या चौघांनी पाहिले. पाचही तोंडे दिसली. टोपी काढलेल्या सदस्याने लादीत पाहूनच ती पुन्हा घातली. अहवालात असा शेरा पडला: "लादी उत्तम. अंगणातील पोलास तारा नाहीत, हे बरे नाही."

शेखरने जाण्यापूर्वी एकदा पुन्हा प्रयत्न करून पाहिला. या वेळी तो व्यासपीठाच्या बाजूला गेला. नंतर ठेकेदाराने भाऊसाहेबाला फोन करून कळवले की, हे यंत्र आहे तोपर्यंत सागवेळ्याला त्याची माणसे येणार नाहीत.

सत्तावीस तारखेला भट्टीचा ट्रक आला. त्याने सभागृहासमोर पुष्कळ वेळ भोंगा वाजवला, असे बारक्या सांगतो. जानीला तो ऐकू आला नाही. मोटर चालू होती.

फेब्रुवारीत भाऊसाहेबाने तिला बोलावले. "जानीबाई, एखाद दिवस तुम्ही आजारी पडलात तर? हे चालवायचं कसं, ते एका कागदावर लिहा. भिंतीला लावू."

जानी त्या दुपारी वर्गात बसून लिहू लागली. बारक्या खिडकीतून डोकावला. "सगळं लिवू नको गो. सगळं लिवलंस तर पुढच्या वर्सी ट्रक आपल्याच दारात."

"लिवताना बोलू नये," जानी म्हणाली.

तिने एक एक बोट अंतर ठेवून कागद पूर्ण केला. 'यंत्र' हा शब्द तिला आता येत होता. दाबणे आणि उचलणे हेही शब्द येत होते. पण त्यांत चूक होण्याचा संभव होता. कागद असा होता:

"यंत्र चालवण्याची रीत. एक, चपला बाहेर काढाव्यात. दोन, खुर्च्या भिंतीला लावाव्यात. तीन, जानी बारक्या मुकणे यांना बोलवावे."

भाऊसाहेबाने तो अर्थासह वाचला. मग त्याने तो पुन्हा वाचला.

"एकही चूक नाही," तो म्हणाला, आणि त्याने शिक्का मारला.